पाहुण्यांपासून लपवलेलं कार्ड

मी महागावात नागरिकशास्त्र शिकवतो. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे घटनेनं प्रत्येक नागरिकाला सांगितलेलं कर्तव्य आहे, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. पोरांनी चुकवलं की माझं डोकं फिरतं. पण दोन वर्षांमागे माझ्याच घरात मी त्याची कशी वाट लावली, ते सांगायलाच हवं.

यवतमाळला मुलीच्या कॉलेजात सरकारी शिबिर झालं. रक्तातल्या सिकलसेल आजाराची फुकट तपासणी होती. मुलगी कार्ड घेऊन घरी आली. त्यावर 'वाहक' लिहिलेलं. मी गारच पडलो. तिनंच मला समजावलं, "बाबा, मले काही आजार नाही. पण नवराही वाहक निघाला, तर लेकराले होऊ शकते. मंग ते जन्मभर दुखण्यानं तळमळते. म्हणून पाहुण्यांले आधी सांगायचं."

"सांगू," मी म्हटलं. अन् नाही सांगितलं.

ढाणकीचं स्थळ आलं. मुलगा घरची शेती पाहून कृषी केंद्र चालवणारा, हसरा. मुलीला तो आवडला, हे तिच्या आईनं चहा ओततानाच ओळखलं. मुलाच्या वडिलांनी पत्रिका मागितली. मी आतून पाकीट आणायला गेलो, तर पत्रिकेला टाचणीनं कार्ड लावलेलं. काम मुलीचंच. मी कार्ड काढून शर्टाच्या खिशात घातलं आणि पत्रिका तेवढी बाहेर नेली. गुण जुळले. पाहुणे खूश, मी त्यांच्याहून खूश.

ते गेल्यावर मुलगी दारात येऊन उभी राहिली. "कार्ड दाखवलं, बाबा?"

"बापाले अक्कल शिकवतं काय तू?" मी असा ओरडलो की शेजारीण बाहेर आली.

मुलगी कपबशा गोळा करून मोरीत विसळत बसली. एक कप तर तिनं तीनदा विसळला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ढाणकीला फोन लावला. "काल एक गोष्ट लपवली तुमच्यापासून," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. मुलाचे वडील म्हणाले, "गुरुजी, पोराले नेतो सरकारी दवाखान्यात. त्याचंही रक्त तपासू."

आठेक दिवसांनी मुलगा एकटाच मोटारसायकलवर आला. हातात रिपोर्ट होता. तोही वाहक निघाला होता.

"घरचे फोनवरच 'नाही' म्हणून कळवणार होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, मी स्वतः जातो. तिच्याशी बोलू का, काका?"

बोल म्हटलं. दोघं अंगणात लिंबाखाली उभे राहिले. मी आत भिंतीला टेकून बसलो. एका लेकराचं दुखणं टळलं म्हणून बरं वाटत होतं, आणि माझ्या पोरीसाठी जीव तुटत होता. बऱ्याच वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती आत आली.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"काही बोललाच नाही, बाबा. नुसता रडून राह्यला होता."

"अन् तू?"

"मी त्याले पाणी देल्लं."