शुक्रवारी चालणारी लाकडी जमीन

आधीच सांगते मंडळी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शेजारणीच्या अंगात आलं की मी मुद्दाम तिला भेंडीचा भाव विचारायचे. आता नात मागे लागली, "आजी, लिही ना ते नेटवर," म्हणून लिहितेय. पटलं नाही तर खुशाल हसा.

गाव भिवंडी, निजामपुऱ्यातली गल्ली. दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. कापडाचा धंदा बसला तसे आमच्या ह्यांनी सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात विकले आणि गाळा रिकामा पडला. गोडाऊनसाठी दापोड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला शेठ मागे लागलेला. आणि मी पडले कथ्थकची टीचर! तेव्हाची मी म्हणजे काय विचारता... केसांना मेंदी, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि भिवंडीत कला मीच आणली असा तोरा. हट्टच धरला — गाळ्यात डान्स स्टुडिओ काढणार.

हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत क्लास भरवून दाखव. नाहीतर शेठला देऊन टाकतो."

सिमेंटवर नाचून पोरींचे गुडघे जातात, म्हणून लाकडी जमीन करून घ्यायची ठरवली. राहनाळचे काशिनाथ मिस्त्री खाडीतल्या होड्या बांधणाऱ्या घरातले. सिमेंटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी चौकट, त्यावर सागाच्या फळ्या — मधे हवा खेळती, म्हणजे पाय पडला की जमीन जरा दबते. मला मात्र सारखा संशय! गोडाऊनमधली खोकी फोडून तर फळ्या आणत नाही ना हा माणूस? रोज जाऊन नखाने खरवडायचे, वास घ्यायचे.

"बाय, वास झाला, खरवडून झाला... आता चाटून बी बगा!" मिस्त्री म्हणायचे.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे लूमना सुट्टी शुक्रवारी. एरवी गल्लीत सतत खटाक-खटाक, आणि आमच्या पोरी नकळत त्याच ठेक्यावर पाय टाकतात. शुक्रवारी गल्ली गप्प झाली की तालाची पार वाट! म्हणून मी त्या दिवशी क्लास ठेवतच नसे. पण नावं वाढवायची तर सुट्टीचा वार सोडून कसं चालेल? नव्या जमिनीवर पहिला शुक्रवारचा क्लास घेतला. त्यात लाइट गेली, कॅसेट बंद. म्हटलं, झालं!

आणि पोरी नाचल्या... सगळ्या एका तालात, बरोब्बर समेवर.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संशय. "कुणाच्या ठेक्यावर नाचताय गं?"

"बाजूचा लूम चालू आहे ना, टीचर," अश्विनी म्हणाली. "तुम्ही चपला काढून बघा."

चपला काढून फळ्यांवर उभी राहिले. तळव्यांना खटाक-खटाक... कान लावला, काही नाही. सिमेंटवर पाय ठेवला, काही नाही. परत फळीवर — खटाक!

तडक शेजारच्या शकीलभाईंकडे. नक्की जनरेटर लावून चोरून लूम चालवतोय! शकीलभाईंनी दारच उघडून दिलं. "भाभी, आज जुम्मा है. खुद देख लो." सगळे लूम थंड. एकावर मांजर झोपलेलं.

आठवड्यात बोभाटा झाला. "तुमची जमीन हलते म्हणे," म्हणत दोन आयांनी पोरींची नावं काढली. मग माझा सगळा राग मिस्त्रींवर. पुढच्या शुक्रवारी बोलावलं, दाराजवळच्या कोपऱ्यातल्या फळ्या उचलायला लावल्या. खाली रबर, भुसा, आणि लूमचे बोल्ट उपटल्यावर राहिलेली भोकं. बस.

"काय लपवलाय मी? हत्ती?" मिस्त्री चिडून उठले. उघडा पाय शेजारच्या फळीवर पडला... आणि त्यांनी वाकून फळीवर तळहात टेकवला.

नेमके तेव्हाच हे शेठला घेऊन दारात. नावं कमी झाल्याचं कानावर गेलं होतं ना! शेठ बुटांसकट फिरत भिंती मोजत होता, त्याला काही कळेना. लूम विकल्यापासून ह्यांनी गाळ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. चप्पल काढून फळीवर आले आणि तिथेच थबकले.

"अगं, हा दाराजवळचा लूम. ह्याचा ठोका मधेच अडखळतो. बाबांनी घेतलेला पहिला..."

बोलता बोलता ह्यांचा उजवा हात भिंतीकडे गेला. तिथे पूर्वी स्विच होता, आता नुसता चुना. बोटांनी तो चुनाच खाली दाबला.

पायाखालची जमीन थांबली.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रींकडे. हे शेठकडे वळून म्हणाले, "गाळा द्यायचा नाही. तुम्ही दुसरा बघा."

शेठ गेल्यावर मी विचारलं, "काय केलंत हो?"

"बंद केला. किती वेळ एकटा चालणार तो?"

ती जमीन पुन्हा कधी चालली नाही. क्लास मात्र चालला. आमचा इंजिनियर जावई सांगतो, बायपासच्या ट्रकांची कंपनं असणार. मी विचारते, "होय रे, पण ती भिंत दाबल्यावर बंद होतात का?"

मग तो चहा मागतो.