खऱ्या ऑपरेशनचा नवस

हात अडकला की तोंड सुटतं! मीरा रोडच्या फिजिओथेरपीच्या खोलीत आम्हा खांदेवाल्या बायकांचे किस्से असेच साठत गेले. सांगायला लाज वाटते, कारण बहुतेकांत फजिती माझीच.

खांद्याचं नेहमीचं ऑपरेशन खरंच उपयोगी पडतं का, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. म्हणून काहींचं आतलं हाड घासणार, काहींना नुसती दुर्बीण घालून टाके घालणार. कुणाला काय, ते वर्षभर गुपित! हे कबूल करूनच आम्ही सह्या केल्या. नवरात्रात घटावरची माळ स्वतःच बांधायची, हा माझा नेम. आणि उजवा हात कानाच्या वर जाईना.

*

सिस्टर म्हणाली, "काकू, उद्या उपास हं!"

सकाळी भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे हो, कडक उपास! फक्त साबुदाण्याची खिचडी."

ऑपरेशन पुढे ढकललं.

*

पुढच्या खेपेला शेजारच्या खाटेवर उत्तनची फिलोमिना होती. मी डोळे मिटून पुटपुटत होते, "आई, मला खरं ऑपरेशन मिळू दे, खणानारळाने ओटी भरीन!"

"अगो, तुला खरा, मंग खोटा कोनाला? मना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं!

*

टाके सगळ्यांचे सारखेच. मग जिला जास्त दुखतं तिचं खरं, असं आम्हीच ठरवून टाकलं. फिजिओ मॅडम वैतागल्या, "अहो, काल बऱ्या होतात, आज सगळ्याच काय विव्हळताय?"

सगळ्यात मोठ्याने मीच!

*

हळूहळू माझा हात वर जायला लागला. हळदीकुंकवात मी मिरवून घेतलं, "देवीने खरंच दिलं!"

वर्ष संपलं आणि नेमकं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. फिलोमिनाचं खरं, माझी नुसती दुर्बीण. हात मात्र दोघींचे सारखेच वर!

"म्हणजे मी खोटीच बरी झाले?"

"बरं वाटलं ते खरंच, काकू. असं का होतं, तेच तर शोधतोय."

फिलोमिनाकडे बघायची हिंमत झाली नाही.

*

घरी आले, तर हात पुन्हा कानापाशीच अडकला! दुसऱ्या दिवशी घट बसले. माळ हातात धरून मी नुसतीच उभी. शेवटी आमचे हे ती घेऊन स्टुलावर चढले, घटावरच्या दोरीला गाठ मारायला लागले. तीही उलटीच!

"अहो, अशी नाही! द्या इकडे, नेम माझा आहे!" म्हणत मी शेजारच्या खुर्चीवर चढले, त्यांच्या हातातून माळ ओढली आणि डोक्यावरच्या दोरीला गाठ मारली.

हे स्टुलावर तसेच थिजले.

"अगं, हात बघ कुठाय तुझा!"