शालूच्या मोबाइलमधलं घर

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात तिच्यासाठी मुगाची खिचडी शिजवत होते. दवाखान्यातून मधुकर बोलला, "वैनी, आता डबा नका पाठवू..." एवढंच. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले.

शालू माझी धाकटी जाऊ, मधुकर माझा दीर. अधारतालला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिला जाऊन महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, फार देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. हट्टी होती, भाजीत मीठ जास्त टाकायची आणि सांगितलं तर फुगून बसायची. पण शेवटच्या काही वर्षांत तिनं जे केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

तिची एकुलती मुलगी रेखा. आम्ही घमापुरला भाड्यानं राहत होतो तेव्हा रेखानं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि इंदूरला गेली. मधुकर तेव्हा फॅक्टरीत होता. त्यानं सांगून टाकलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. रेखाही त्याचीच पोरगी. "बाबा बोलावतील तेव्हाच येईन," म्हणाली. आईशी फोनवर बोलायची, तेही तो घरी नसताना. निवृत्त झाल्यावर मधुकरनं अधारतालचं हे घर बांधलं. वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, पण रेखानं घर पाहिलं नाही. शालूला दागिना नको होता, तीर्थयात्रा नको होती. रेखानं एकदा या घरात पाय ठेवावा, एवढंच तिला पाहिजे होतं.

मग तिनं मोबाइल घेतला आणि त्याच्यावरच हिंदीतले धडे पाहून व्हिडिओ काढायला शिकली. साधे नाही, सिनेमासारखे. लेन्स पदरानं पुसायची. कोपरं बरगड्यांना चिकटवून फोन दोन्ही हातांनी धरायची आणि गुडघे जरा वाकवून, मांजरासारखी चालायची, म्हणजे चित्र हलत नाही म्हणे. पडद्यावर बोट दाबून उजेड बांधून ठेवायची, नाहीतर खिडकी आली की सगळं पांढरंफटक होतं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन तिरपं येतं तेवढीच वेळ तिला चालायची, आणि नेमका तेव्हाच माझा चहा थांबायचा.

"बाई, हलू नका. तुमचे हातच पाहिजेत, तोंड नको."

"काहून? तोंडाला काय झालं माझ्या?"

"ते सारखं बोलून राहिलं ना!"

मधुकरला वाटायचं, बायकोला रील्सचं वेड लागलं. "काय हिरोइन, आज कशाचं शूटिंग?" म्हणून चिडवायचा. पण तिनं सांगितलं की खिडकीसमोर पांढरी चादर धरून निमूट उभा राहायचा, म्हणजे सावलीतल्या बाजूला उजेड पडतो. फॅक्टरीत दहा माणसांवर ओरडलेला माणूस, धुतलेली चादर धरून उभा... मला हसू यायचं.

दुपारी पलंगावर बसून, चष्मा नाकावर घेऊन ती ते तुकडे कापायची, जोडायची. मी एकदा पाहिलं. तव्यावर पोळी पडली की तिनं कापलं, अन् पुढच्या तुकड्यात पोळी एकदम फुगलेली.

"अन् मधली कोणी भाजली?"

"पाहणारीनं," शालू म्हणाली. "तिला येते भाजता. मीच शिकवली."

तेव्हा मला कळलं व्हिडिओ कुठं जातात ते. मी मधुकरला बोलले नाही. पहिल्या व्हिडिओवर शालूनं गाणं घातलं होतं. रेखाचा उलट निरोप आला, "आई, गाणं नको. कुकरच्या शिट्ट्या राहू दे." त्यानंतर शालूनं कधी गाणं घातलं नाही. मग तुळस, गच्ची, वाळत घातलेले पापड, माझी बडबडसुद्धा, सगळं इंदूरला पोचू लागलं. पोचलं नाही ते एकच, मधुकरचं बोलावणं. शालू त्याला तोंडानं कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर तो नाही म्हणाला असता, अन् मग सगळंच संपलं असतं.

दुखणं वाढलं तसे तिचे हात कापू लागले. शेवटचा व्हिडिओ तिला फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतचा पाहिजे होता, एका दमात, न कापता. मग फोन मधुकरनं धरला. ती खुर्चीवर बसून ओरडत होती, "अहो, गुडघे वाकवा! वरात नाही आहे ही!" अन् तो म्हातारा वाकून, श्वास रोखून चालला होता. एवढं मन लावून त्यानं दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. त्यानंतर ती दवाखान्यात गेली ती गेलीच.

रेखाला मी कळवलं. मधुकरला विचारलं नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, सगळं आटोपल्यावर. जावई फाटकाबाहेर थांबला. मधुकर मधल्या खोलीत तखतावर बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, आईच्या स्वयंपाकघराकडे निघाली. त्या दारात मिस्त्रीनं उंबरा चार बोटं उंच करून ठेवला आहे. नवीन माणूस तिथं अडखळतोच, मी दोनदा पडले आहे. मधुकरनं सांगायला तोंड उघडलं... अन् रेखानं पाय उचलला. खाली न बघता, रोजच्यासारखा. आत जाऊन खिडकीजवळ उभी राहिली.

मधुकरनं त्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाला, "व्हिडिओ काढताना तिथं माझा हात हलला होता, वैनी. शालूला म्हटलं, परत काढू. तर म्हणे, राहू द्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आपलं घर आणखी कोणाला पाहायचं होतं, वैनी?"

मला राग आला. म्हटलं, मग ती असतानाच बोलवायला काय झालं होतं? त्यानं रुमालानं तोंड पुसलं, उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. रेखा पाठमोरी होती. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

"तो बाहेर उन्हात उभा आहे. त्याला आत बोलाव... अन् उंबऱ्याचं सांग त्याला. त्यानं पाहिलं नसेल."