जाधव सिस्टरांचं लक्ष

जाधव सिस्टर औषध देण्याआधी प्रत्येक पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारायच्या, तेही रोज तीनतीनदा. परळच्या त्या हॉस्पिटलात माझे वडील, आबा, पायाच्या जखमेसाठी पंधरा दिवस होते. मधुमेह जुना. त्यांना या चौकशीचा भारी वैताग.

"अगो बाये, काल सांगितलंय मा? रातीत काय नाव बदलतला?"

"नाव नाही हो बदलत, आबा. पण तुमचा आवाज ऐकला की आज तुम्ही कसे आहात ते कळतं. सांगा बघू."

मग आबा गिरणीत हजेरी द्यावी तसं खणखणीत नाव सांगत आणि सिस्टर गालात हसत.

मला मात्र त्यांचा राग यायचा. एकदा आबांचं सलाईन संपत आलं म्हणून मी तीन हाका मारल्या. सिस्टर समोरच्या खाटेवरच्या आजोबांचं इंजेक्शन भरत होत्या. मान वर केली नाही. "यांचं झालं की तुमचंच," एवढंच म्हणाल्या. झालं, माझं डोकं सटकलं. तडक इनचार्ज सिस्टरांकडे जाऊन मी तक्रार केली, तीही लेखी.

दुसऱ्या सकाळी मी आबांच्या उशाशी बसून मोबाईलवर ऑफिसच्या मेल निस्तरत होते. इन्सुलिन देऊन झालं होतं, नाश्ता तसाच पडला होता. आबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली. जाधव सिस्टर गोळ्या घेऊन आल्या आणि त्यांनी नाव विचारलं. आबा "सीताराम" म्हणाले नि अडखळले. पुढे वडिलांच्या नावाऐवजी नाव घेतलं ते आपल्या वारलेल्या भावाचं. काउंटरवर फोन वाजत होता, राउंडवरचे डॉक्टर सिस्टरांना बोलावत होते. "सर, तुम्हीच इकडे या. मी यांना सोडून येत नाही," असं म्हणत त्यांनी आबांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि बोटाला सुई टोचली. साखर पार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि थोड्या वेळाने आबांनी चहा मागितला.

आबा आज आहेत ते त्या बाईंमुळे. मी हातभर अंतरावर होते आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

घरी जायच्या दिवशी मी माफी मागायला गेले. त्या एका आजींची पट्टी बदलत होत्या. मी दाराशी थांबले. पट्टी झाली, हात धुतले, मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हं, बोला ताई."

मागून कुणीतरी हाक मारली. "आले, यांचं झालं की," म्हणाल्या, पण नजर माझ्यावरून हलली नाही. मी वाक्यं घोकून आले होते. त्यातला एकही शब्द आठवेना. मला रडूच फुटलं, आणि ते आवरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.