सुदामची खुर्ची आणि खात्याची गोष्ट

सुदाम दिल्लीत हृदयविकारानं गेल्याचा फोन सणसरच्या दुकानात आला आणि ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचं माझ्यावर आलं. आबा ढसाढसा रडले. महिना होऊन गेला, पण खरं सांगतो, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच. मी गेलो असतो तर ते एवढे रडले असते का?

आम्ही शेजारी, एकाच बुद्धविहाराच्या अंगणात वाढलेले. इंदापूरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो, एकाच परीक्षेला बसलो. तो केंद्राच्या कल्याण खात्यात लागला, मी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर. तो सुट्टीला आला की बारामतीच्या स्टँडवर आणायला मीच जायचो, बॅगही मीच उचलायचो. इकडे आबा पडवीतली पत्र्याची खुर्ची पुसून तयार. त्या खुर्चीत आमच्या घरचं कुणी बसत नसे. "सुदाम, खात्याची गोष्ट सांग," ही त्यांची ठरलेली फर्माईश... मी रोज घरात, पण काट्यावर आज काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

सुदामही रंगवून सांगायचा. "आबा, आधी आपल्या लोकांचं काम गृहखात्याच्या वळचणीला. पोलिसांच्या शेजारी!" इथं तो चहाचा घोट घ्यायचा आणि आबा मांडीवर थाप मारून हसायचे. मग समाजकल्याणाचं वेगळं खातं कसं निघालं, पुढं आपलं काम कल्याण मंत्रालयात कसं आलं... दर खेपेला तेच, आणि आबांना दर खेपेला नवं.

शेवटचा आला तेव्हा मंत्रालयाचं नाव नुकतंच बदललं होतं. "आबा, आता कल्याण न्हाय म्हनायचं. सामाजिक न्याय."

"म्हंजी आता उपकार न्हाय," असं म्हणून आबांनी सुदामच्या तोंडावरून हात फिरवला. तसा हात माझ्या तोंडावरून कधी... असो.

परवा संध्याकाळी आबांनी पुन्हा खुर्ची पुसली. मला वाटलं, सुदाम गेल्याचं विसरले. "बबन, बस हितं," ते म्हणाले. "तुला येती न्हवं खात्याची गोष्ट?"

येत होती. जळत जळत का होईना, शब्द न् शब्द पाठ झाला होता. बसलो, सांगायला लागलो. पोलिसांपाशी आलो आणि तसाच पुढं निघालो.

"थांब की," आबा म्हणाले. "सुदाम हितं थांबायचा. मी हसतो हितं."

मी थांबलो. चहाचा घोटही घेतला. आबा हसले नाहीत.