मोटारीच्या गादीतले केस

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरात भाकरी करपली तरी ती माझ्याच ताटासाठी करपवली, असं मला वाटतं. बायकोनं लग्नानंतर आठ दिवसांत हे ओळखलं आणि मला काही विचारायचंच सोडून दिलं. म्हातारपणी हा स्वभाव थोडा थकला, पण गेला नाही. निजामाच्या अमलात मी दिंद्रुडच्या बाजूला एका देशमुखांची मोटार चालवत होतो, तेव्हा तो ऐन भरात होता. ही हकिकत माझ्या त्या दिवसांतल्या पाठदुखीची आहे, आणि ती सांगताना मला आनंद होत नाही.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. कळप घेऊन नगरकडं गेलो असताना मी तिथल्या एका मोटारमिस्त्रीकडं राहिलो आणि तीन वर्षांनी चाक धरायला शिकून परत आलो. देशमुखांनी तेव्हाच मोटार घेतली होती. आसपासच्या दहा-बारा गावांत दुसरी मोटार नव्हती आणि ती चालवणारा दुसरा माणूसही नव्हता. खाकी कोट, डोक्याला रुमाल आणि हातात मोटार सुरू करायचं हँडल, असा मी गढीच्या दारात उभा राहिलो की माझे भाऊबंदसुद्धा लांबून रामराम घालत. देशमुखांना आम्ही सगळे सरकार म्हणायचो. सरकार मागच्या गादीवर बसत, मी पुढच्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाठ दुखायला लागली. आधी कंबर नुसती भरून यायची. मग कळ यायला लागली, आणि पुढं पुढं अशी उसण भरे की मोटारीतून उतरल्यावर दाराला धरून सरळ व्हावं लागे. गंमत म्हणजे घरी असलो की पाठ ठणठणीत. लाकडं फोडली, विहिरीचं पाणी शेंदलं, काही झालं नाही. मोटारीत बसलो की दोन कोसांत कळ हजर. आता असं दुखणं कुणाला साधं वाटेल? मला तरी वाटलं नाही.

बायकोनं करडईचं तेल चोळलं. रुईची पानं गरम करून बांधली. एकानं बिब्बा घालायला सांगितला, तो उतला आणि पाठीवर फोड आले, म्हणजे दुखणं एकाचं दोन झालं. मी मात्र औषधापेक्षा माणसांवर जास्त लक्ष ठेवून होतो. गढीवरच्या कारभाऱ्याच्या भाच्याला माझी जागा हवी होती, म्हणून पहिला संशय कारभाऱ्यावर. तिथली स्वयंपाकीण मला रोज शिळं वाढते असा दुसरा संशय. ही गादी गोऱ्या साहेबाच्या पाठीच्या मापानं शिवलेली असणार आणि ती मुद्दामच आपल्या मुलखात धाडली असणार, असाही एक विचार मी बरेच दिवस डोक्यात बाळगला.

अशात सरकारांच्या मुलीचं लग्न आष्टीकडच्या एका घराण्यात ठरायच्या बेतात आलं. बोलणी करायला सरकारांना मोटारीतूनच जायचं होतं. सोयऱ्यांच्या दारात मोटारीतून उतरायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आष्टी म्हणजे पुरता एक दिवसाचा रस्ता, त्यात घाट आणि ठिकठिकाणी नुसती गाडीवाट. माझं दाराला धरून उतरणं त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"तुझ्यानं व्हत नसंल तर आताच सांग," ते म्हणाले. "औरंगाबादेहून दुसरा डायवर मागवतो."

"व्हतंय की, सरकार," मी म्हणालो.

दुसरा ड्रायव्हर आला असता तर तो परत जाणार नव्हता, आणि मी पुन्हा मेंढरांमागं गेलो असतो. त्या कामाची मला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटत होती. त्या दिवसापासून मला झोप लागेना. कोण माझ्या वाईटावर आहे ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं.

मोटार ज्या पडवीत असे, तिथं आधी सरकारांची दमणी उभी असायची. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, वर छत असलेली. ती हाकणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे मामा म्हणत, ते गढीवर तीस वर्षं होते. मोटार आली आणि दमणी कोपऱ्यात गेली, बैल शेतात जुंपले गेले. मामांना कुणी जा म्हटलं नाही. ते पडवी झाडायचे, मोटारीवरची धूळ पुसायचे आणि तिथंच झोपायचे. माझ्याशी गोड बोलायचे. मला त्याचंच जास्त वाटायचं. ज्याच्या हातचा कासरा मी सोडवला, त्यानं माझ्याशी गोड का बोलावं?

एकदा मी उतरताना कण्हलो तर म्हणाले, "पाठीमागं कायतरी घेत जा बाबा. माजी पोत्याची उशी हाय, घे."

"राहू द्या तुमची उशी," मी तुटकपणे म्हणालो. त्या उशीत काय शिवलेलं असेल, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

मग एका दुपारी मी अवेळी पडवीत गेलो, तर मामा माझ्या जागेवर बसलेले. दोन्ही हात चाकावर. मला पाहून चटकन उतरले आणि फडक्यानं गादी पुसू लागले. मी आलो तसा परत फिरलो. मनात मात्र सगळं जुळवून टाकलं.

आमच्या मोटारीची पेट्रोलची टाकी पुढच्या गादीखाली होती. पेट्रोल ओतायचं तर गादी उचलून बाजूला ठेवायची, काठी घालून किती उरलंय ते बघायचं. चार दिवसांनी मी गादी उचलली आणि ती उलटी झाली. खालची शिवण हातभर उसवली होती. त्यातून केस बाहेर आले होते. काळे, राठ, गुंतलेले केस. मी बोटं घातली तर मूठभर निघाले, आणि आत अजून होतेच.

आमच्या भागात भानामतीचं भय काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. कुणाच्या घरात जेवणात केस निघाले तरी चार माणसं गोळा होतात. इथं तर मी दोन वर्षं केसांच्या ढिगावर बसत होतो! मला दरदरून घाम फुटला. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. माझा संशय खरा निघाला होता.

ती मूठ तशीच घेऊन मी सरकारांपुढं गेलो. कारभारी तिथंच होता, तो चार पावलं मागं सरकला. मामांना बोलावलं.

"तू ह्याच्या जाग्यावर बसलतास का?" सरकारांनी विचारलं.

"बसलतो, सरकार. खोटं कशाला बोलू."

"कावून?"

मामा खाली बघत म्हणाले, "बसून बघितलं. कसं वाटतंय ते."

"अन् हे केस?"

"केसाचं मला म्हाईत न्हाई. लेकीची आण."

सरकारांचा भानामतीवर फारसा विश्वास नव्हता, असं मला आजही वाटतं. पण पोरीचं लग्न तोंडावर होतं आणि अशा वेळी कुणी धोका पत्करत नाही. ते म्हणाले, "शुभकार्य हाय घरात. तू आता लेकीकडं जाऊन ऱ्हा." बस, एवढंच. मामांनी हुज्जत घातली नाही. सिरसाळ्याला त्यांची लेक दिली होती. दिवस मावळायच्या आत बोचकं घेऊन ते चालत निघाले. जाताना माझ्याकडं बघतील, म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून उभा होतो.

मी शिवण दाभणानं शिवली, मोटारीला लिंबू-मिरच्या बांधल्या. तीन दिवस पाठ खरंच हलकी वाटली. चौथ्या दिवशी माजलगावला गेलो आणि परत येताना अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. आता सिरसाळ्याहून करतोय म्हातारा, असं मी म्हणालो. बायको म्हणाली, "आधी तुमच्या चुलत्याला पाठ दाखवा, मग सिरसाळ्याचं बघू."

चुलते तेव्हा कळप घेऊन जवळच्या माळावर उतरले होते. मेंढराचा मोडलेला पाय ते असा बसवत की महिन्यानं कुठला मोडला होता ते ओळखू येत नसे. माणसंही हाडं दाखवायला त्यांच्याकडं येत. त्यांनी माझी पाठ कंबरेपासून मानेपर्यंत चाचपली. मग एका दगडाकडं बोट दाखवून म्हणाले, "मोटारीत बसतोस तसा बस."

मी बसलो. चुलतीनं हातात चाळण दिली, ती चाकासारखी धरली. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

चुलत्यांनी माझ्या पाठीमागं हात धरला. "हितं मागं काय असतंय?"

"टेकायची गादी."

"मग टेक की माज्या हाताला. असा काठावर कावून बसलास?"

"मागं सरकार बसलेले असतेत," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर कसं टेकायचं?"

सरकारांपुढं पाठ टेकून बसलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तहसीलदाराच्या कचेरीत नाही, गढीवर तर नाहीच. मोटारीत त्यांच्याकडं पाठ करून बसावं लागतं हेच मला सुरुवातीला अवघड गेलं होतं. त्यात रेलून बसणं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दोन वर्षं खड्ड्याखड्ड्यांतून मी गादीच्या काठावर, अंगाला काठी बांधल्यासारखा ताठ बसत होतो.

चुलते पोट धरून हसले. "मेंढरूबी दिसभर असं ताठ ऱ्हात न्हाई बे!"

मला हसू आलं नाही. मी घाईघाईनं रुमालाची गाठ सोडली. देवऋषाला दाखवायला थोडे केस ठेवले होते, ते पुढं केले. "मग हे काय हाय?"

जन्मभर जनावरांचे केस कातरलेला माणूस तो. दोन बोटांत चुरून म्हणाले, "घोड्याचे हायत. शिजवून, पीळ घालून वाळवलेत, बघ कसे गुंडाळतेत. गादी मऊ लागावी म्हणून भरले असतील. भानामतीला एवढा उपद्व्याप कोण करंल?"

दुसऱ्या दिवशी मी आधी मोटारीकडं गेलो. मागच्या गादीचा, सरकारांच्या गादीचा, एक कोपरा थोडा फाटला होता. बोट घातलं. तेच केस. मग माझी जागा बघितली. बसायच्या गादीचा पुढचा चार बोटांचा काठ दबून चपटा झाला होता. टेकायची गादी मात्र कोरी होती, तिच्या शिवणीतली धूळसुद्धा कधी हलली नव्हती.

त्याच दिवशी मी सरकारांना भीत भीत विचारलं, "सरकार, चालवताना पाठ टेकली तर चालंल का?"

"टेक की," ते म्हणाले. "तुला न्हाई कोण म्हणलं?"

कुणीच म्हटलं नव्हतं. केसांबद्दल तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी आष्टी होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हणालो. आष्टी झाली. घाटातसुद्धा पाठ दुखली नाही. सरकार सोयऱ्यांच्या दारात मोटारीतून उतरले, लग्न ठरलं आणि माझ्या डोक्याला नवा रुमाल बांधला गेला. मग वाटलं, लग्न होऊ दे. लग्नही झालं.

उन्हाळा संपता संपता सरकार सिरसाळ्याच्या बाजाराला निघाले. ते अडतीत बसले आणि मी विचारत विचारत मामांच्या लेकीच्या घरी गेलो. मामा लिंबाखाली बसून अंबाडीचा दोर वळत होते. बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. केस घोड्याचे होते, सगळ्याच गाद्यांत होते, पाठ माझ्याच बसण्यानं दुखत होती. "मामा, माजी लई चूक झाली," मी म्हणालो.

ते दोर वळतच होते. मग विचारलं, "सरकारला सांगितलंस का?"

"न्हाई अजून."

"मग मला कावून सांगायलास, बाबा?" ते शांतपणे म्हणाले. "म्या केलं न्हाई, हे मला ठावंच हाय."

आज सांगतो, नक्की सांगतो, असं म्हणून मी उठलो. बाजारात परत येईपर्यंत वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

सरकारांनी मला त्या घरातून बाहेर पडताना अडतीच्या ओट्यावरून पाहिलं होतं. गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याकडं कशाला गेलतास?"

हीच वेळ होती. जुळवलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. मागं सरकार, पुढं मोकळा रस्ता, दुसरं कुणी नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर मी मेंढरांमागं गेलो असतो.

"काय न्हाई, सरकार," मी म्हणालो. "पाठीचं इचारत व्हता."

"जपून ऱ्हा," सरकार म्हणाले. "अजून डोळा हाय त्याचा तुज्यावर."

मी 'जी' म्हणालो, पाठ गादीला नीट टेकवली आणि मोटार चालवत राहिलो.