समोरून मोकळी

लोक त्याला वायसर म्हणत. नळ गळो, टाकी गळो, प्लंबरसाहेबांचं निदान ठरलेलं असे, ‘वायसर गेलंय.’ माणूस कामाला चोख, पण तोंडाला कुलूप नाही. सार्वजनिक ठिकाणच्या कमोडच्या सीटला पुढे फट असते आणि घरच्या सीटला का नसते, हे कुणी विचारलं की गडी रंगात यायचा.

“घरची सीट म्हणजे पूर्ण कडं,” तो म्हणायचा. “सार्वजनिक म्हणजे कुणाचीच नाही. म्हणून कंपनीने पुढचा एक घास खाल्ला. प्लास्टिक वाचलं, आणि असली फाटकी वस्तू चोरणार कोण?”

वीस वर्षं हेच सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

घरी मात्र आईच्या काळजीने त्याचा जीव अर्धा झाला होता. खुब्याच्या ऑपरेशनमधून आई उठली, काठी घेऊन हिंडू लागली, पण पाणीच पिईना. सहा महिन्यांत दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप भरला. पुढच्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. वायसरने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. बायकोला कारण ठाऊक होतं, पण सासूने तिला शपथ घातली होती.

एके दिवशी तो एकटाच आईला दवाखान्यात तपासणीला घेऊन गेला. तिथे आईला बाथरूमला जायचं झालं. वायसरची तारांबळ उडाली. नर्सबाईंना शोधून आणेपर्यंत आई बाहेर येऊन बेसिनवर हात धूत होती.

“एकटीने जमलं तुला?”

“जमलं की. इथलं बरं आहे. पुढून मोकळं आहे ना, धुवायला हात जातो. घरी ते कडं मधे येतं, आणि मला अंग उचलता येत नाही. मग सुनेला आत बोलवावं लागतं.” आई थांबली आणि तिने मान वळवली. “तिचा जीव चांगला आहे रे. पण मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

सुनेला आत बोलवावं लागू नये म्हणून आई पाणी पीत नव्हती; कोडं त्याला तिथल्या तिथे सुटलं.

“अहो, त्यासाठीच तर असते ती फट,” नर्सबाई म्हणाल्या. “बायकांचा हात सीटला लागू नये म्हणून. इथे दिवसभर किती जणी बसतात. घरी आपलीच माणसं, तिथे कोण एवढा विचार करतं?”

तिथल्या सगळ्या सीटा वायसरनेच बसवल्या होत्या, हसत हसत. आपल्या त्या विनोदाची त्याला शिसारी आली.

आईला घरी सोडून तो तडक दुकानात गेला आणि पुढे फट असलेली सीट मागितली. दुकानदार म्हणाला, “घरात लावतोस ही? पाहुणे म्हणतील, कुठून तरी उचलून आणली.”

“म्हणू देत,” वायसर म्हणाला आणि त्याने बोल्टचं माप सांगितलं.

घरी तो पाना फिरवत असताना बायको दारात येऊन उभी राहिली. “गावभर सीटा बसवत फिरलात.”

“तू तरी सांगायचंस.”

“शपथ होती. तुम्ही तरी विचारायचंत, पाणी पी म्हणून ओरडण्याआधी.”

त्याने दुसरा बोल्ट आवळला.

सकाळी आई काठी टेकत आत गेली. हाक आली तर असावं म्हणून नवराबायको दोघंही बाहेर थांबले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ऑपरेशनपासून आईने ती कडी कधीच लावली नव्हती.

“कोण आहे रे दारात?” आतून आईने विचारलं. “जा बघू दोघंही. मला लाज वाटते.”

वायसर पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून रडला.